विश्वास आहे, पण दिसतो कुठे? आमच्या मंडळीतला वाद

गोदाकाठचा
मंडळी, जय ख्रिस्त. बाकी सगळ्यांना नमस्कार.

आमचं चर्च जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. घरं थोडी, त्यातली निम्मी शेतमजुरांची नाहीतर ऊसतोडीवाल्यांची. यंदा कापणीच्या सणाला अर्पण बऱ्यापैकी जमलं. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्यांनीही पैसे पाठवले. पंचकमिटीचं ठरलं की चर्चला कुंपणभिंत आणि दर्शनी कमान करायची. तरुण संघाचं म्हणणं वेगळं. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर जातात, पोरं आजीच्या भरवशावर राहतात आणि शाळा सुटते. चर्चच्या मागच्या हॉलात त्यांच्यासाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि एक वेळचं जेवण चालवू, मंडळीतल्या पोरांना आणि शेजारच्या वस्तीतल्याही.

इथपर्यंत वाद पैशाचा होता. मग एक वडीलधारे उभे राहून म्हणाले, तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं होतं, कृत्यांनी नाही. समाजसेवा सरकार करील, मंडळीचं काम उपासना. त्यावर आमच्यातल्या एकीनं बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, कृत्यांवाचून विश्वास निर्जीव म्हणणारा, सगळ्यांसमोर वाचला. पुढचं सांगत नाही.

मला विचारायचंय ते असं. विश्वास दिसायला हवा का? हवा तर कशात? आणि दाखवायला गेलं की त्याची जाहिरात होते, त्याचं काय करायचं? अनुभव लिहा, नुसती वचनं फेकू नका ही विनंती.

परभणी जंक्शन
पहिला नंबर. कमानीवर देणगीदारांची नावं येणार असतील तर कमानच होणार, लिहून घ्या.

खवचट काका
आणि अभ्यासिकेच्या ताटांवर नावं कोरून द्या म्हणावं, मग अभ्यासिकाही होईल. आमच्याकडं मंगल कार्यालयाच्या स्टीलच्या पेल्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं, तसं.

बिरुयाकर
गोदाकाठचा, वचनं नको म्हणता, पण वाद वचनांवरूनच पेटलाय, म्हणून थोडं लिहितो.

तुमचे वडीलधारे चुकीचं बोलले नाहीत. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या ओळीत प्रेषित पौल स्वच्छ सांगतो की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, कुणाला फुशारकी मारता येऊ नये म्हणून. फक्त ते दहावी ओळ वाचायच्या आत खाली बसले. तिथं लिहिलंय की आपल्याला निर्माण केलं ते सत्कृत्यांसाठीच. तारण कृत्यांनी होत नाही, पण झालेलं तारण कृत्यांत उतरतं, असा तो क्रम आहे.

याकोबाचा रोख दुसऱ्या माणसावर आहे. पौलासमोर 'मी इतकं केलं म्हणून देव माझं देणं लागतो' म्हणणारा उभा आहे. याकोबासमोर उघड्या, उपाशी भावाला 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' एवढं सांगून दार लावणारा. दोघांनी दाखला अब्राहामाचाच दिलाय, एकानं रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आणि दुसऱ्यानं आपल्या पत्राच्या दुसऱ्यात. देवावर विश्वास तर भुतंही ठेवतात आणि थरथर कापतात, हा टोमणा याकोबाचाच.

नास्तिक नांदेडकर
म्हणजे एकाच पुस्तकात दोन पुढारी दोन बाजूंनी बोलतात आणि अनुयायी दोन हजार वर्षं समन्वय समिती चालवतात. हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय.

बिरुयाकर
समिती खरोखर होती, नांदेडकर :) जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं नव्या कराराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं होतं. त्याच ल्यूथरनं रोमकरांसच्या प्रस्तावनेत मात्र लिहिलं की विश्वास जिवंत आणि उद्योगी असतो, तो चांगलं केल्यावाचून राहूच शकत नाही. पुढं ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी याच मुद्द्यावर संयुक्त जाहीरनामा केला. नीतिमान ठरणं कृपेनं, आणि सत्कृत्यं ही त्याची फळं, असा त्याचा गाभा. तेव्हा हे भांडण आता तुमच्या पंचकमिटीतच उरलं असावं.

मिशन कंपाउंड
मी जालन्याची. निवृत्त शिक्षिका. आमच्या तीन पिढ्या मिशनच्या आवारात गेल्या.

'समाजसेवा मंडळीचं काम नाही' हे जालन्याच्या मातीत उभं राहून कुणी म्हणावं याचं नवल वाटतं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढं ते इकडं आले आणि त्यांच्याबरोबर आलेले लोक मुख्यतः मांग-महार समाजातले. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. चर्च बांधलं तसं गावही बांधलं, घरं, विहिरी, शेती. ज्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांच्यासाठी त्या काळी स्वतःची विहीर म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळत नाही. नंतर मिशनचा दवाखाना झाला. माझ्या सासूबाई तिथं दाई होत्या. बाळंतीण कुठल्या जातीची हे त्यांना विचारावंच लागायचं नाही, कारण दारात पोचेपर्यंत ते सगळ्या आळीला ठाऊक असायचं, आणि तरी आत सगळ्यांना एकच खाट.

उपासना आणि सेवा हे दोन वेगळे विभाग कधी झाले, कुणी केले, ते मला कुणीतरी सांगावं.

परभणी जंक्शन
ताई, दंडवत. 'विचारावंच लागायचं नाही' काळजात घुसलं.

कोयता
म्या धारूरकडचा. मायबाप कोयत्यावर, ऊसतोडीला. चर्चला जातो. आपल्याला लांबलचक लिव्हता येत नाय.

आमच्याकडं एक मुकादम हाय. रविवारी पयल्या बाकावर. दशमांश, कमाईचा दहावा हिस्सा, टाकतो म्हणून पाळकसाहेब नाव घिऊन सांगतेत. आन आमच्या चुलत्याची उचल, म्हंजी आगाऊ घेतलेले पैसे, फिटली तरी हिशेब देईना झालाय. कामून देत नाय इचारलं तर म्हणतो पुढल्या सालाला बगू. म्हंजी पुढल्या सालीबी त्याच्याच टोळीत जायचं. आता ह्याचा इश्वास दिसतो का नाय दिसतो, तुम्हीच सांगा. मला तर लई चांगला दिसायलाय.

गोदाकाठचा
कोयता भाऊ, याकोबाच्याच पत्रात पाचव्या अध्यायाची चौथी ओळ बघा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि त्या कापणाऱ्यांचं रडणं देवाच्या कानी गेलंय, असं आहे. आमच्याकडं त्या ओळीवर प्रवचन झालेलं मला तरी आठवत नाही.

कोयता
मजुरी वरडायली पन पाळकसायबाच्या कानाला जाईना झालीय, कारन सौंड शिस्टीम त्याच मुकादमानं दिलीय.

खवचट काका
आजचा प्रतिसाद हाच. बाकीच्यांनी गाशा गुंडाळावा.

नाथषष्ठी
मी ख्रिस्ती नाही, पैठणचा आहे. चालेल ना?

आमच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात ओतली. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं म्हणून गावानं काय गोंधळ घातला, तेही ठाऊक आहे. म्हणजे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. आमच्याकडंही नाथषष्ठीला लाखो लोक येतात, गोष्ट ऐकून डोळे पुसतात आणि घरी जाऊन विहिरीचं भांडण तसंच पुढं चालवतात.

पण एक अडचणीचं विचारतो, राग मानू नका. तुम्ही लोकांनी शाळा काढली, दवाखाना काढला, आता अभ्यासिका काढाल, की गावात पहिली शंका हीच येते की यामागं धर्मांतर आहे. ही शंका सगळीच खोटी आहे का? 'दूध पावडरीचे ख्रिश्चन' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय.

लातूरचं पोर
झालं. आता धागा शंभरी गाठणार. चहा टाकतो.

मिशन कंपाउंड
नाथषष्ठी, चालेल, आणि राग अजिबात नाही. तो शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकलाय, वर्गातल्या बाईंच्याच तोंडून.

बहात्तरच्या दुष्काळात परदेशी मदतीचं धान्य, तेल, दूध पावडर अनेक ठिकाणी चर्चच्या संस्थांकडून वाटलं गेलं. तेलाच्या डब्यावर हातात हात मिळवल्याचं चित्र असायचं. आमच्या आवारात रांग लागायची आणि ती सगळ्या गावाची असायची. एकदा कामाच्या बदल्यात धान्य सुरू झाल्यावर तर पाटलाच्या घरातले लोकही खडी फोडायला बसले होते, पोटापुढं काय. त्या पावडरीनं ख्रिस्ती व्हायचं असतं तर अर्धा जिल्हा झाला असता. मोजून बघा आम्ही किती आहोत.

तरीही तुमची शंका सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भाकरीबरोबर पत्रक देणारे लोक होते. आजही आहेत. भुकेल्या माणसाला 'हो' म्हणण्यावाचून काय सुचणार? त्याचा होकार मला तरी विश्वास वाटत नाही. दुसरी बाजूही बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात. आमची कितीतरी घरं सोसूनच इथं टिकली आहेत. लाभासाठी आलेला माणूस एवढा तोटा सोसून पिढ्यान्‌पिढ्या बसत नाही.

नाथषष्ठी
ताई, पटलं. सगळं नाही, पण बरंचसं. मोजून बघायचं सांगितलंत ते आवडलं.

प्रार्थनाघर
मी वेगळं मत मांडते. सगळे सेवेच्या बाजूनं बोलताहेत म्हणून.

आमची संगती छोटी आहे. इमारत नाही, एका बहिणीच्या ओसरीत जमतो. बहुतेक बायका. कुणाचा नवरा पितो, कुणाचं पोर आजारी. आम्ही कुणाला काही वाटत नाही, कारण आमच्याकडं वाटायला काही नाही. आम्ही प्रार्थना करतो. तुम्ही म्हणाल हे कृत्य नाही. पण ज्या बाईचं कुणीच ऐकत नाही तिच्याजवळ रात्री उशिरापर्यंत बसून तिच्यासाठी रडणं याला काय म्हणायचं? मोठ्या चर्चच्या लोकांना वाटतं की शाळा-दवाखाने म्हणजेच सत्कृत्य. त्यांच्याकडं जमिनी होत्या, परदेशातून पैसा होता, म्हणून ते झालं.

आणि येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरानं कोणती अभ्यासिका काढली होती? त्यालाही 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे वचन मिळालंच.

बिरुयाकर
ताई, ओसरीतल्या बैठकीबद्दल शंभर टक्के सहमत. चोराबद्दल मात्र लूकचा तेविसावा अध्याय पुन्हा वाचावा. दुसरा चोर येशूची टर उडवत होता, तेव्हा यानं त्याला दटावलं, 'आपण केल्याची फळं भोगतोय, यानं काही वाईट केलं नाही.' हात खिळलेले, पाय खिळलेले, चालायला फक्त तोंड. तेवढं त्यानं निरपराध्याच्या बाजूनं चालवलं. कोर्टात, पंचायतीत, कमिटीत आपल्यातले किती जण एवढं करतात?

नास्तिक नांदेडकर
हे मला नवीन होतं. नास्तिकालाही पटेल असं आहे. गैरसोयीचं आहे.

लातूरचं पोर
माझा अनुभव किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. मी तेव्हा शाळेत होतो.

मदत किती आली म्हणता? ट्रकांच्या रांगा. जुन्या कपड्यांचे रस्त्याकडेला ढीग पडले, पावसात भिजून कुजले, कारण नऊवारी नेसणाऱ्या बायांना कुणी पॅन्ट-शर्ट पाठवले होते. प्रत्येक ट्रकवर कापडी फलक. फोटो काढून लोक दुपारच्या जेवणाला सोलापूरला परत. यात सगळ्या धर्मांचे, सगळ्या पक्षांचे होते, कुणा एकाला बोल लावत नाही. आणि खरंखुरं काम करणारेही होते, गावंच्या गावं नव्यानं बांधून दिली लोकांनी.

आमच्या शेडमध्ये दोन सिस्टर यायच्या, मल्याळी वळणाचं मराठी. पहिले आठवडे त्या फक्त जखमा धूत होत्या. पण मला आठवतात त्या नंतरच्या. फलक गेले, कॅमेरे गेले, शेडचे पत्रे उन्हानं तापायला लागले, तेव्हाही त्या येत राहिल्या. माझी आत्या तेव्हा बोलायची बंद झाली होती, तिची दोन्ही लेकरं गेली. एक सिस्टर तिच्याशेजारी बसून तूर निवडायची. बोलायची नाही. मराठी कमी येत होतं हेही कारण असेल. आत्या अजून आहे, माळकरी आहे, दर वर्षी वारीला जाते. देवघरात विठोबाशेजारी मेरीची छोटी तसबीर आहे, ती कुठून आली ते आम्ही विचारत नाही.

परभणी जंक्शन
...
काही लिहिता येईना.

सिस्टरांची विद्यार्थिनी
लातूरचं पोर, वाचताना घशात आवंढा आला. माझं शिक्षण वैजापूरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात. घोगरगाव परिसरातलं कॅथलिक मिशन शंभर वर्षांहून जुनं. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला तो बराच नंतर, १९७७ ला.

गोदाकाठचा यांचा जाहिरातीचा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून लिहिते. मत्तयाच्या शुभवर्तमानातच दोन्ही आहे. पाचव्या अध्यायात म्हटलंय की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील. लगेच सहाव्यात म्हटलंय की दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नका. बोर्डिंगात आम्ही पोरी मदरना यावरून छळायचो. त्या म्हणायच्या, काम दिसू द्या, तुम्ही दिसू नका. मग आमच्याकडून संडास धुऊन घ्यायच्या.

खवचट काका
म्हणजे काम दिसायचं आणि पोरी दिसायच्या नाहीत. मदरांचं व्यवस्थापन उत्तम होतं.

सिस्टरांची विद्यार्थिनी
:) काका, वासही दिसायचा.

गोदाकाठचा
सगळं वाचतोय. पंचविसावा अध्यायही याच अंगानं डोक्यात घोळतोय, मेंढरं आणि शेरडं यांचा. त्यात न्यायाच्या वेळी उजवीकडं उभे केलेले म्हणजे भुकेल्याला जेवू घालणारे, पण आपण ते प्रभूलाच दिलं हे त्यांना माहीतच नव्हतं. 'प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिला?' असं ते उलट विचारतात. त्यांनी कशासाठी म्हणून केलेलं नव्हतं. डावीकडचेही, म्हणजे ज्यांनी काही दिलं नाही ते, नेमकं तेच विचारतात, 'केव्हा पाहिला?' फरक एवढाच की समजलं असतं तर त्यांनी केलं असतं.

पान्हा पक्कड
बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. हातपंप दुरुस्तीत आयुष्य गेलं. ताईंनी विहिरीचा विषय काढला म्हणून लिहितो, थोडं अवांतर आहे.

तुम्ही गावात जो हापसा बघता, मोठा दांडा, आत साखळी, तो 'इंडिया मार्क टू'. युनिसेफ आणि सरकारनं सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो पक्का केला आणि पुढं देशभर लाखांनी बसला, परदेशातही गेला. पण त्याची आजी आपल्या जालन्याची. साठ-सत्तरच्या दशकात गावोगावी बोअर घ्यायला लागले आणि वर बसवले ओतीव बिडाचे पंप. ते मुळात एका घराला पुरतील असे. सगळं गाव त्यावर तुटून पडल्यावर किती टिकणार? दांडा तुटायचा, खिळी झिजायच्या. जालन्याच्या स्कॉटिश मिशनची बोअरची गाडी होती, त्यांनी पोलादाचा पंप बनवला, दांडा एकाच आसावर फिरणारा. झिजायच्या जागाच कमी केल्या. त्याला 'जालना पंप'च म्हणायचे. सोलापूरच्या मिशनवाल्यांनी त्यात आणखी सुधारणा केली आणि त्या वाटेनं मार्क टू आला.

आता माझा मुद्दा. त्या हापशावर कुठं क्रूस नाही, वचन नाही, देणगीदार नाही. सकाळी पाणी भरणाऱ्या बाईला तो कुठून आला याचा पत्ता नाही. पण ज्यानं कुणी बसून विचार केला असेल की ही खिळ चार महिन्यांत का झिजते, त्यानं माझ्या मते उपदेश करणाऱ्यापेक्षा जास्त प्रार्थना केली. नुसता पंप बसवून फीत कापणारे पुष्कळ होते. तो मोडतो का, हे बघायला परत येणारे थोडे.

नास्तिक नांदेडकर
वाचनखूण साठवली आहे. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा, प्लीज.

मिशन कंपाउंड
पान्हा पक्कड, हापशावरून जामखेड आठवलं. नगर जिल्हा, पण बीडला लागूनच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल अरोळे दोघं वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर, १९७० साली जामखेडला आले. लोकांशी बोलल्यावर कळलं की त्यांना आधी औषध नको, पाणी आणि अन्न हवंय. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत घेतली जाईल असं त्यांनी जमवून आणलं. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. कुणाला भाषण दिलं नाही. नंतर गावातल्याच बायका, त्यात दलित, टाकलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवल्या. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातून बाळंतपणं व्हायला लागली. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून प्रार्थनाघर ताई, पैसा असणं-नसणं हा मुद्दा अर्धाच. हापसा कुठल्या गल्लीत घ्यायचा हे ठरवायला पैसा लागत नाही.

प्रार्थनाघर
मिशन कंपाउंड, पाणी दलित वस्तीत नेलं हे मोठंच. पण मग आपल्याच मंडळ्यांत अजून महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती सोयरीक का टाळतात? आमच्या ओसरीत सगळ्या एका ताटात खातात. आम्ही दवाखाना काढला नाही, हे केलं.

मिशन कंपाउंड
यावर माझ्याकडं उत्तर नाही. तुम्ही बरोबर आहात.

धागापाल
जातीच्या उल्लेखावरून दोन प्रतिसाद उडवले आहेत. वरचे सभ्य आहेत म्हणून ठेवले. जपून.

खवचट काका
उडवलेल्यांत माझा नव्हता, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव सत्कृत्य म्हणून नोंदवावं.

कोयता
म्या एक सांगू का. अभ्यासिका काढा नायतर कमान काढा. पयले चर्चचा जो शिपाई हाय, घंटा वाजवतो, झाडतो, कबरस्तानाचं खोदतो, त्याला काय देता ते सांगा. आमच्याकडं त्याला महिन्याला जे देतेत त्यात किराना बी येत नाय. वर म्हंतेत देवाची सेवा हाय. मंग पाळकसायबाची बी देवाचीच सेवा हाय की.

परभणी जंक्शन
कोयता निवडणुकीला उभा राहिला तर परभणीतून येऊन मत देईन.

बिरुयाकर
पंचकमिटीत बसलोय अनेक वर्षं, म्हणून सांगतो, बजेट वाचताना त्या ओळीवर कुणी थांबत नाही. लायटिंग, मंडप, पाहुण्या वक्त्यांचा प्रवास यावर तासभर चर्चा, आणि शिपायाच्या ओळीवर 'मागील वर्षाप्रमाणे'. याकोबाचा दुसरा अध्याय सुरू कसा होतो? सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यातल्याला 'तू तिथं उभा राहा'. निर्जीव विश्वासाचा विषय त्यानंतर येतो. आम्ही थेट चौदाव्या ओळीपासून वाचतो.

नाथषष्ठी
गोदाकाठचा, एक व्यावहारिक सूचना. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेमार्फत चालते, पोरं गावातच आजी-आजोबांकडं राहतात आणि जेवण मिळतं. आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. ती चालू असेल तर जेवणाचा खर्च वाचतो, तुम्ही फक्त अभ्यास घ्या. आणि समितीत वस्तीतले दोन पालक घ्या, ख्रिस्ती नसलेले. मी वर जी शंका काढली ती दुसरे कुणी काढतील तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही, ते देतील.

लातूरचं पोर
+१. आणि भिंतीवर फ्लेक्स लावू नका. लावलाच तर पाढ्यांचा लावा.

गोदाकाठचा
काल बैठक झाली. थोडक्यात सांगतो.

कमान रद्द नाही, पुढं ढकलली. कुंपण होणार, पण तारेचं. वडीलधारे शेवटपर्यंत म्हणाले की हा मार्ग मंडळीला उपासनेपासून दूर नेईल. मी त्यांना बिरुयाकरांची दहावी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून वाचली, 'मला पाठ आहे' म्हणाले आणि मताला विरोधातच हात वर केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते आजारी माणसाकडं रोज चालत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा विश्वास दिसतो, फक्त त्यांना तो तसा म्हटलेला आवडत नाही.

अभ्यासिका दिवाळीनंतर सुरू. मुख्याध्यापकांना भेटलो, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्यांच्याकडून जातोय. शिपायाच्या पगाराचा विषय मी काढला तेव्हा शांतता झाली आणि पुढच्या बैठकीवर गेला. कोयता भाऊ, सोडणार नाही.

कोयता
नका सोडू. पुढली बैठक कवा हाय ते टाका इथं.

खवचट काका
आणि शिपायालाही बैठकीला बसवा. चहा आणायला नाही, बसायला.

प्रार्थनाघर
आम्ही तुमच्या अभ्यासिकेसाठी प्रार्थना करतोय. आमच्यातली एक बहीण तुमच्याच तालुक्यात राहते, स्वयंपाकाला येईन म्हणाली. व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

नास्तिक नांदेडकर
जुनी पाठ्यपुस्तकं आणि एक फळा पाठवतो. पावती नको, प्रार्थना नको, पुस्तकं परत आली नाहीत तरी चालेल.

सिस्टरांची विद्यार्थिनी
नांदेडकर, प्रार्थना होणारच. ती तुमच्या हातात नाही.

लातूरचं पोर
पान्हा पक्कड, अवांतर. आमच्या वस्तीवरचा हापसा दांडा मारला की नुसती हवा मारतो, बरंच मारल्यावर पाणी येतं. काय झालं असेल?

पान्हा पक्कड
बहुधा खालचे वायसर गेलेत, नाहीतर फूट वॉल्व्ह पाणी धरत नाही. रात्रभर थांबून सकाळी पहिल्या फटक्यांना किती वेळ लागतो ते बघा. फार लागला तर वॉल्व्ह. साखळीला ग्रीस आहे का तेही बघा. ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीच्या हातपंप पथकाला अर्ज द्या, पाइप उपसायला साहित्य आणि चार माणसं लागतात, एकट्यानं उघडू नका. पथक आलं नाही तर मला व्यनि करा, लातूरकडं माझा एक जुना जोडीदार आहे.